घरात वजनांचा व्यायाम करायचा, तर कोणत्या खोलीत?

"डॉक्टर, वजनं उचला म्हणालात, पण घरात ती ठेवू कुठे?" हा प्रश्न आता दवाखान्यात वरचेवर येतो. नुकतंच मधुमेहाचं निदान झालेले चाळिशीतले गृहस्थ विचारतात, पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रिया विचारतात, आणि वडिलांच्या गुडघ्यांसाठी काहीतरी करू पाहणारी मुलंही विचारतात. प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस शरीरातल्या सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल आणि ताकद यांचा व्यायाम किमान ३ दिवस करावा. जिमची फी सगळ्यांना परवडत नाही, सगळ्यांना तिथे मोकळेपणा वाटत नाही, आणि गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी बरी जिम जवळपास असेलच असंही नाही. मग घरच उरतं.

जागा शोधताना बहुतेक जण घरातली सर्वांत रिकामी जागा बघतात. अडगळीची खोली, काचा लावून बंद केलेली बाल्कनी, गच्चीवरची पत्र्याची शेड. मी मात्र आधी दोन गोष्टी विचारतो. आत तुम्हाला काही झालं, तर बाहेर कोणाला कळेल का? आणि आठवड्यातून तीनदा तुमचे पाय आपणहून तिकडे वळतील का? या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर हॉलमधला सहा बाय आठ फुटांचा कोपरासुद्धा पुरतो. गच्चीवरच्या प्रशस्त शेडबद्दल दोन्हींचं उत्तर बहुतेक 'नाही' असतं. तिथलं मशिन सहा महिन्यांत कपडे वाळत घालायला वापरलं जातं, हे तुम्हीही कोणा ना कोणाच्या घरी पाहिलं असेल.

हाक ऐकू जाईल अशी जागा

जिममध्ये आजूबाजूला माणसं असतात, घरी आपण एकटे असतो. वजनांच्या व्यायामातले गंभीर अपघात नेमके एकटेपणात अंगावर येतात. बेंचवर आडवं होऊन बारबेल छातीवर घेतली आणि हात थकले, तर रॉड छातीवर किंवा गळ्यावर अडकतो. आधाराला कोणी नसेल तर घरी बारबेलचा बेंच प्रेस करूच नका. तोच व्यायाम जमिनीवर झोपून दोन डंबेल घेऊन करा. हात थकले तर डंबेल बाजूला टेकवता येतात, आणि कोपरं जमिनीला टेकत असल्यामुळे खांद्यावरही ताण कमी येतो.

दाराकडे नीट बघा. आपल्या घरांत खोल्यांची दारं बहुधा आत उघडतात. आतला माणूस भोवळ येऊन दारामागेच पडला, तर बाहेरून दार ढकलता येत नाही. म्हणून व्यायामाची जागा दाराच्या फिरण्याच्या पट्ट्याबाहेर ठेवा, वजनंही तिथे ठेवू नका, आणि दार लोटून घ्या पण कडी लावू नका. सासू-सासऱ्यांसमोर व्यायाम करताना संकोच वाटतो म्हणून काही जणी कडी लावतात. मला ते समजतं. अशा वेळी घरात एकाला तरी सांगून ठेवा की अर्ध्या तासाने हाक मार. एकटे राहणाऱ्यांनी फोन उंच फळीवर न ठेवता जमिनीवर, पडल्या जागेवरून हात पोहोचेल इतक्या अंतरावर ठेवावा. घरी कोणी नसेल त्या दिवशी हलकी वजनं किंवा रेझिस्टन्स बँड वापरावे.

उष्णता आणि हवा

आपल्याकडे खोली निवडताना यावर सर्वांत कमी विचार होतो. काम करणारे स्नायू भरपूर उष्णता तयार करतात. ती बाहेर टाकायचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. मुंबईत आणि कोकणात दमट हवेमुळे तो वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. विदर्भात हवा कोरडी असते, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोलीतली हवा आपल्या त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेली, की पंखा गरम वाराच अंगावर टाकतो.

सर्वांत वरच्या मजल्यावरच्या खोलीचा आणखी एक त्रास आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता संध्याकाळपासून रात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. बाहेर गार वारा सुटला तरी खोली भट्टीसारखीच असते. अशा खोलीत उन्हाळ्यात व्यायाम करायचा तर पहाटे किंवा सकाळी लवकर, ऑफिसातून आल्यावर नाही. पश्चिमेच्या भिंतीची खोलीही संध्याकाळी अशीच तापते. पत्र्याच्या शेडबद्दल तर उन्हाळ्यात बोलायलाच नको. कूलर लावणार असाल तर एक खिडकी उघडी असू द्या, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि घाम वाळणं उलट अवघड होतं.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांना उष्णता कमी सोसते. पहिलीमुळे शरीरातलं पाणी आधीच कमी असतं. दुसरीमुळे हृदयाची गती हवी तशी वाढत नाही, त्यामुळे आपण किती दमलोय याचा अंदाजही चुकतो. या गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात, खोली आणि वेळ बदलायची असते. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं, गरगरणं ही उष्णता बाधल्याची पहिली लक्षणं आहेत. तिथेच थांबा, सावलीच्या थंड जागी आडवे व्हा, अंगावर पाणी घ्या, थोडं थोडं पाणी प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

हवेचा दुसरा भाग म्हणजे ती कशी आहे. व्यायाम करताना आपण विश्रांतीपेक्षा कितीतरी पट जास्त हवा आत घेतो, त्यामुळे हवेतलं जे काही आहे तेही तितकंच जास्त फुप्फुसांत जातं. खिडकी वाहत्या रस्त्याकडे असेल तर गर्दीच्या वेळी ती बंद ठेवून दुसऱ्या बाजूची उघडा. हिवाळ्यात शहरांत पहाटेचं धुरकं जमिनीलगत साचतं. दमेकऱ्यांनी आणि सीओपीडी असलेल्यांनी त्या दिवसांत ऊन वर आल्यानंतरची वेळ निवडावी. देवघराच्या खोलीत सकाळी उदबत्ती-धूप झाल्यावर लगेच व्यायाम नको. नवं रबर मॅट आणलं की त्याला उग्र वास असतो. ते दोन-चार दिवस वाऱ्याला टाकून मगच आत आणा.

अडगळीच्या खोलीत पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो. त्याची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. खिडकी नसलेल्या लहान खोलीत बॅटरी आणि व्यायाम दोन्ही एकत्र नकोत. इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये सकाळी गाड्या सुरू होतात, आणि त्यांच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. ती जागा मोकळी दिसली तरी यादीतून काढून टाका.

डोक्यावरचा पंखा, पायाखालची फरशी

परदेशी व्हिडिओंमध्ये छताचा पंखा सहसा नसतो, आपल्याकडे प्रत्येक खोलीच्या मधोमध असतो. साधारण ९ फूट उंचीच्या खोलीत पंख्याची पाती जमिनीपासून ८ फुटांच्या आसपास फिरतात. पीओपीचं छत केलं असेल तर त्याहूनही खाली. ५ फूट ८ इंच उंचीच्या माणसाने हात सरळ वर नेला तर मूठ सुमारे ७ फुटांवर जाते, वर डंबेलची जाडी. उरतं ते वीतभर अंतर, आणि तोल गेला तर तेही नाही. डोक्यावर वजन नेण्याचे व्यायाम पंख्याखाली उभं राहून करायचे नाहीत. ते पंख्यापासून बाजूला सरकून किंवा खुर्चीत बसून करा. खोलीत बीम किंवा सामानाचा माळा असेल तर त्याचीही उंची एकदा मोजा.

जागा किती हवी हे टेपने मोजण्यापेक्षा अंगाने मोजा. मधोमध उभे राहून दोन्ही हात आडवे पसरा आणि गोल फिरा. मग जमिनीवर उताणे झोपून हात डोक्यामागे न्या. कुठेही कपाटाचा कोपरा, पलंगाची कड किंवा टीव्हीचा स्टँड लागला नाही, तर डंबेलच्या बहुतेक व्यायामांना जागा पुरते. पलंग आणि कपाट असलेल्या दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये लांब बारबेल मात्र बसत नाही. पूर्ण मापाचा रॉड ७ फुटांहून थोडा लांब असतो आणि प्लेट चढवा-उतरवायला दोन्ही टोकांना आणखी दीड-दोन फूट लागतात. हट्टाने तिरपा ठेवून व्यायाम केला, की शरीरही तिरपं होतं आणि मग कंबर माझ्याकडे घेऊन यावी लागते.

फरशीचं म्हणाल, तर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर घामाचे चार थेंब पडले तरी पाय सटकतो, आणि हातात वजन असताना सटकलेला पाय सावरता येत नाही. ८ ते १० मिलिमीटर जाडीचं टणक रबर मॅट घाला. योगासनांचं मऊ मॅट किंवा मुलांच्या खोलीतले कोड्यासारखे जोडायचे फोमचे तुकडे झोपून करायच्या व्यायामांना ठीक आहेत. उभं राहून वजन घेतलं की ते दबतात आणि घोटा डगमगतो. शहाबादी फरशी किंवा कोबा चांगला. फक्त जमीन सपाट आहे ना, हे पाणी ओतून एकदा बघा. जुन्या घरांत मोरीकडे उतार दिलेला असतो, आणि उतारावर उभं राहून बैठका काढल्या तर एका गुडघ्यावर जास्त भार येतो.

मधुमेह असलेल्यांनी घरात असलो तरी बूट घालून व्यायाम करावा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर अंगठ्यावर डंबेल आपटल्याचंही नीटसं कळत नाही, आणि जखम चार दिवसांनी मोज्यावर डाग दिसल्यावर लक्षात येते. याच कारणासाठी खोलीत उजेड भरपूर हवा. व्यायाम झाल्यावर त्याच उजेडात तळपाय बघून घ्यावेत.

स्लॅब सोसेल का?

ही भीती बऱ्याच जणांना असते आणि डंबेलपुरती ती बिनबुडाची आहे. भारतीय मानकांनुसार राहत्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका वापराचा भार धरून आखला जातो. ४० किलोचा डंबेल संच, बेंच आणि ७५ किलोचे तुम्ही, मिळून दोन चौरस मीटरवर दीडशे किलोसुद्धा होत नाही. कपड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट याहून जड असू शकतं. मल्टिजिम आणि तीनशे किलोच्या प्लेट एकाच कोपऱ्यात रचायच्या असतील तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. इमारत जुनी असेल तर नक्कीच. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तो अहवाल सोसायटीकडे मागता येतो. वाड्यातल्या लाकडी मजल्यावर आणि भिंतीतून बाहेर काढलेल्या बाल्कनीत जड वजनं ठेवूच नयेत, असं माझं मत आहे.

स्लॅबपेक्षा खालच्या शेजाऱ्यांची सहनशक्ती आधी संपते. वजन आपटू नका. सावकाश खाली ठेवता येत नसेल, तर ते तुमच्यासाठी अजून जड आहे एवढाच त्याचा अर्थ.

लहान मुलं असलेलं घर

रांगणारं किंवा चालायला लागलेलं मूल असेल तर दार बंद करता येणारी खोली हवी. इथे वर सांगितलेल्या कडीचा नियम उलटा होतो. तुम्ही आत असताना कडी नको, तुम्ही बाहेर आलात की कडी हवीच. वजनं उंच ठेवली की मूल सुरक्षित, हा गैरसमज आहे. मूल ती ओढतं आणि अंगावर घेतं. वजनं सर्वांत खालच्या कप्प्यात, शक्यतो कुलपात ठेवा. रॉड भिंतीला टेकवून उभा कधीही ठेवू नका. दारात अडकवायचे बँड वापरत असाल तर दार ज्या बाजूला उघडतं त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहा. तुमच्या ओढण्याने दार घट्ट मिटलं पाहिजे, उघडता कामा नये. आणि पलीकडून कोणी दार उघडणार नाही, याची खात्री करा.

पावसाळा

कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर चार महिने भिंतींना ओल असते. ओलीत बुरशी वाढते, आणि बुरशीचे कण दमेकऱ्यांचा दमा उठवतात. भिंतीवर काळे-हिरवट ठिपके दिसणाऱ्या खोलीत व्यायाम नको, रंग मारून ते झाकूही नका. आधी गळती थांबवा. घामाने ओलं मॅट गुंडाळून ठेवलं की तेही बुरशीचं घर होतं. जांघेत, काखेत उठणारा नायटा म्हणजे गजकर्ण सध्या फार चिवट झाला आहे. घरात एकाला झाला असेल तर त्याचं मॅट आणि टॉवेल वेगळे ठेवा. मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका, त्यांनी खाज थांबते आणि गजकर्ण पसरतं. गच्चीवर व्यायाम करणाऱ्यांनी शेवाळ सुटेपर्यंत घरात यावं, हे सांगायला डॉक्टर लागू नये, पण दर जुलैमध्ये एखादं मनगट मोडून येतंच.

आई-वडिलांसाठी जागा

सत्तरीतल्या माणसासाठी वेगळी खोली शोधू नका. त्यांच्या पलंगाशेजारची, भिंतीलगतची जागा उत्तम. जिना नको, उंबरठा नको, कडा वर आलेली सतरंजी नको. हात नसलेली, जड, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. खुर्चीतून उठणं-बसणं हाच त्यांचा पहिला वजनाचा व्यायाम आहे, आणि वजन त्यांचं स्वतःचं. ते जमू लागलं की हातात अर्धा-एक किलो द्या. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बरोबर एक किलोची असते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनी काहींना उभं राहताच चक्कर येते. अशांनी उठल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत खुर्ची धरून उभं राहावं. पहिले काही आठवडे शेजारी कोणीतरी असावं.

वजनं आणण्याआधी कोणी विचारावं?

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी, नुकतीच पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. विश्रांतीच्या वेळी रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर तो खाली येईपर्यंत वजनं नकोत. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील तर जड वजनाने तिथे रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी सुरुवात करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. दम रोखून वजन उचललं की रक्तदाब क्षणात खूप वर जातो. उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. मोठ्याने आकडे मोजत व्यायाम केला तर दम आपोआप रोखला जात नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर तपासावी. ती १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खावं. खोलीत वजनांशेजारी साखरेची डबी, चमचा आणि पाण्याची बाटली कायम असू द्या. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटलं तर व्यायाम थांबवून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा घ्या. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक धाप किंवा थंड घाम आला, तर "स्नायू ओढला गेला असेल" म्हणून वाट बघू नका. दार उघडा, घरच्यांना हाक मारा, १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत बसून राहा. जिना स्वतः उतरू नका.